जुनं की नवं

‘पॉझिटिव्ह’ एवढा एकच शब्द छापून, लॅबवाल्यांनो, तुम्ही हात झटकले, आणि नंदनवन वस्तीतल्या श्वेताच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. तिला चौथा महिना होता. तिच्या बालवाडीत दोन पोरांना कांजण्या झाल्या, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासायला पाठवलं आणि त्या गावाला गेल्या. रक्तात सापडलेली ही प्रतिपिंडं लहानपणच्या कांजण्यांची असली तर बाळ सुखरूप. आत्ताची असली तर त्याच्या जिवाला धोका. ‘पूर्वी झाल्या का?’ असं फॉर्मवर होतं. श्वेतानं आईला फोन करून विचारलं आणि ‘नाही’ लिहिलं.

रिपोर्टचं ऐकून आई, गोपिकाबाई, कुहीहून आली ती कडुलिंबाचा डहाळा घेऊनच. तो तिनं लेकीच्या उशाशी ठेवला.

“हे काय वं आई?”

“पाच वर्षांची होती तू, तवा माता आली होती तुले. असाच ठेवला होता.”

“मंग फोनवर नाही काहून म्हटलं?”

“तू आजार विचारला. माता का आजार असते?”

श्वेताला हसू आलं आणि लगेच विरलं. कांजण्यांसारखंच गोवरालाही आई माताच म्हणायची. फोड पाण्याचे होते की नुसती पुरळ, हे आईला आठवेना.

श्वेता तशीच उठून लॅबच्या खिडकीशी गेली.

“मॅडम, डॉक्टरले विचारा,” आतला माणूस म्हणाला.

“डॉक्टरीणबाई सोमवारी येतील. तपासलं तुम्ही. माह्या रक्तातलं हे जुनं की नवं, एवढं कागदावर लिहून द्या. तोवर मी इथून हलत नाही. सांगा, जुनं की नवं?”