आतल्या गुहेचा उंबरा

पायऱ्या उतरून विलिमाइना गुहेत आली आणि नेहमीसारखी क्षणभर थबकली. रिसॉर्टच्या पाहुण्यांना इथे आणण्यात तिची किती वर्षं गेली, तरी या जागेपुढे तिचं मन अजून लहान होऊन उभं राही. वरच्या फटीतून ऊन थेट पाण्यात उतरलं होतं आणि तळाचा दगड न् दगड दिसत होता. जाहिरातीत हे पाणी निळंशार छापतात. छापोत बापडे. खरा रंग बघायचा तर इथे यावं लागतं, आणि यायचं तर आधी गावच्या सरदारापुढे यांगोनाची, मानाचं पेय करतात ती, मुळी ठेवून परवानगी मागावी लागते.

मेलबर्नचं नवराबायकोचं जोडपं पाण्यात उतरलं. होडी चालवणारा तिचा धाकटा दीर अपाकुकी विजेरी घेऊन खडकावर बसला होता.

"वहिनी, मार की बुडी. का मुहूर्त बघतेस?"

"तुझ्यासारखी धप्पकन पडत नाही मी. मासे दचकतात."

समोरच्या भिंतीत पाण्याखाली एक भोक आहे. त्यातून पोहत गेलं की आतली गुहा लागते, काळोखी, गावच्या पूर्वजांची. पोटातलं मूल लपवून आलेल्या बाईला ती गुहा आत घेत नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. विलिमाइना आजवर त्या भोकातून मासळीसारखी सरकन जाई. इतकी सहज, की परतताना तिला त्या सहजपणाचाच राग येई.

या महिन्यात तिची पाळी चुकली होती. उकडलेल्या मासळीच्या वासाने पोटात ढवळत होतं. तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मागे दोनदा गावाला लगेच कळलं होतं आणि बायकांनी बाळासाठी चटया विणायला घेतल्या होत्या. मग त्याच बायका मान खाली घालून तिच्या दारात बसल्या. त्या चटयांचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. पुन्हा ते सांत्वन तिला नको होतं. पण इथून मागे फिरणं म्हणजे गावभर दवंडी पिटणंच.

तिने बुडी मारली. भोकाच्या कडेवर हात ठेवला. किती पिढ्यांच्या हातांनी तो दगड गुळगुळीत केला होता. गुहेने तिला अडवलं नाही, ढकललं नाही. तिलाच पुढे जाववेना. या गुहेशी खोटं बोलून हे मूल पदरात घ्यायचं कसं?

ती वर आली. "अपाकुकी, आज पाहुण्यांना तू ने."

"का गं, पाणी थंड लागलं?"

"नाही."

"मग?"

तिने तोंडावरचं पाणी पुसलं, नजर मात्र हटवली नाही. "नेतोस ना?"

मयताच्या घरीही ज्याची जीभ गप्प बसत नाही, तो अपाकुकी तोंड उघडून तसाच राहिला. मग पाण्यात उतरला आणि पाहुण्यांना घेऊन गेला. विलिमाइना खडकावर बसली. तिला भीती वाटत होती, आणि तरीही फार फार बरं वाटत होतं. इतकी सुंदर तिला ही गुहा कधी दिसली नव्हती.

परतताना समुद्र खवळला होता. अपाकुकीची होडी एरवी लाटांवरून उड्या मारत जाते, बसणाऱ्यांचे दात वाजतात, आणि त्याचा त्याला कोण अभिमान. आज तो प्रत्येक लाटेपाशी वेग कमी करी, ती खालून निघून जाऊ देई, मगच पुढे सरके. वहिनीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

मेलबर्नच्या गृहस्थाने घड्याळ बघितलं. "अशाने आमचं जेवण चुकेल. इंजिन बिघडलंय का?"

"जुनं झालंय हो साहेब," अपाकुकी म्हणाला. "पळवलं तर मध्येच बंद पडेल."

इंजिन गेल्याच महिन्यात बसवलेलं, नवंकोरं होतं. विलिमाइनाने तोंड समुद्राकडे फिरवलं आणि मनसोक्त रडून घेतलं.