इंजिनाला लावलेला रंग

कमळीला रंगाची हौस भारी. नारळी पुनवेआधी सगळा कोळीवाडा आपापली होडी रंगवतो, पण ही बया होडीवर थांबेल तर शपथ. नवऱ्याने, लहूने, नवं इंजिन बसवलं होतं, तर त्यालाही हिने लाल ऑइलपेंट फासला. नुसता वरवर नाही. बोल्ट ढिले करून, वायरी बाजूला सारून, त्यांच्या खालीसुद्धा ब्रश फिरवला.

मी म्हटलं, "कमळे, इंजनाचा लगीन लावतंस काय गो?"

तर म्हणते कशी, "सुंदरा, दर्यावर माजा माणूस याच्याच भरवशावर जातो. त्याला मान नको?"

पुनव झाली, दर्याला नारळ दिला, होड्या पाण्यात गेल्या.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी आम्ही दोघी वेसाव्याच्या बंदरावर करंदीची बारीक कोळंबी निवडत बसलो होतो. वारा समुद्राकडून सुटला होता, आभाळ काळंकुट्ट होऊन खाली उतरलं होतं. कमळीचा फोन वाजला. लहूच होता.

"कमळ, इंजन बंद पडला. चालू कराया सेल्फ मारला का नुसता टक वाजतो. वारा खडपाच्या दगडांकडं ढकलतोय गो."

होडीवर दोघेच, लहू आणि म्हातारा धाकू खलाशी. नांगर टाकला होता, पण तो खालच्या कातळावरून घसरत होता. जुन्या इंजिनाला हाताने फिरवायचं हँडल तरी होतं, या नव्याला तेही नाही. मदतीची बोट निघाली होती, पण ती येणार लांबून. आणि आमच्या होड्या? ओहोटीने सगळ्या खाडीच्या चिखलात रुतून बसलेल्या. शेजारचा मिथुन चार पोरांना घेऊन आपली होडी ढकलत होता, ती तसूभर हलेना. आपला माणूस पाण्यात मरतोय आणि आपल्याला होडी घालायला पाणी नाही, असली थट्टा दर्याच करू जाणे.

कमळीने लेकीला हाक मारली. हेमांगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकते. शिकते म्हणजे, सर्किटच्या पेपरात एकदा गटांगळी खाऊन पुन्हा बसलेली. ती धावत आली आणि फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, बॅटरी कशी हाय?"

"भरलेली. दिवा झकास पेटतो."

"मंग बॅटरीचे दोन्ही खांब घासा. गंज चढला असंल."

पलीकडे खरखर घासल्याचा आवाज आला. मग टक. पुन्हा टक.

"तोच टक, हेमा. खडप दिसाय लागला."

कमळी लेकीवरच भडकली. "येत नसंल तं सांग ना! उगाच खेळ कशाला करतंस?"

"आये, गप गो!" पोरीला रडू फुटलं होतं. तशीच ती खाली बसली आणि ओल्या चिखलात बोटाने गोल काढत गेली. बॅटरी, वायर, सेल्फ, इंजिन, परतीची वायर, पुन्हा बॅटरी. "वीज इथनं निघते, सेल्फात जाते, इंजनाच्या लोखंडातनं माघारी येते. वाटेत कुठंतरी अडते."

मला राहवेना. "अगो, पण दिवा पेटतो ना?"

"मावशी, दिव्याला घोटभर पुरते. सेल्फला घागरभर लागते. नळाच्या पाइपात बोळा अडकला तं पेला भरतो, पिंप नाय भरत."

मग तिने डोळे पुसले आणि फोन तोंडाजवळ धरला.

"बाबा, दिव्याचा बल्ब काढा, त्याला दोन वायरी जोडा. धाकूकाका सेल्फ दाबतील, क्षणभरच, नायतर बॅटरी संपंल. बल्बाची एक वायर बॅटरीच्या खांबाला लावा, दुसरी सेल्फला, जिथं जाडी लाल वायर पोचते तिथं. मधे अडत नसंल तं बल्ब पेटणार नाय."

"नाय पेटला तं चांगला?"

"हां. जिथं पेटेल तिथं अडलाय. तिथं खोला, आन् घासून लोखंड उघडा करा."

मागून धाकू ओरडला, "उलटाच शास्तर! आमी जल्मभर उजेड दिसला का हात जोडले!"

सेल्फ वाजला. टक. "नाय पेटला," लहू म्हणाला. कमळीने कपाळावर हात मारून घेतला.

"चांगलाय गो आये! ती वायर ठीक हाय," हेमांगी म्हणाली. "बाबा, आता दुसरी बाजू. बॅटरीचा मायनसचा खांब, आन् इंजनाचा कुठलाबी रंग नसलेला लोखंड."

वाऱ्याने फोन भरून गेला. "दगड! लहू, दगड आला!" धाकूचा आवाज फाटला होता. पाठोपाठ काहीतरी मोडल्याचा आवाज. आणि मग लहू किंचाळला, "पेटला! हेमा, पेटला! काळी वायर इंजनाला लागते ना, त्यो लाल बोल्ट..."

फोन तुटला.

कमळी माझ्याकडे बघत राहिली. "लाल बोल्ट? वायर सोडवून मीच रंगवला त्यो. खालनं पण."

हेमांगीचा चेहरा उतरला. "आये, रंगातनं वीज जात नाय."

"मंग इतके दिवस कसा चालला?"

"बोल्टाच्या आट्यांतनं कशीबशी जात असंल. आता खारा पाणी शिरला."

कमळी उठली आणि सरळ खाडीच्या चिखलात चालू लागली, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत. मी आणि मिथुनने तिला दंडाला धरून ओढली, तर ती आमच्याशीच झोंबायला लागली. "ज्या हातानं रंगवला ते हात तोडा माजे!" म्हणत होती. वाईट हेतूने काही केलं असतं तर दोन शिव्या तरी देता आल्या असत्या. मानच द्यायला गेली होती बिचारी.

फोन लागत नव्हता. समोर पावसाचा पडदा पडला होता, त्यात काही दिसेना. हेमांगी चिखलातल्या गोलाकडे बघत बसली होती. पाऊस तोही पुसायला लागला.

इंजिनाचा आवाज आधी मिथुनला आला. मग आम्हाला. इंजिनं काय, सगळी सारखीच वाजतात. हेमांगी म्हणाली, "आपलाच हाय ना गो?"

होडी खाडीच्या तोंडाशी आली तेव्हा तिची एक बाजू फुटलेली होती, जाळी गेलेली होती, धाकूचं कपाळ फुटलं होतं. पाणी कमी म्हणून लहू तिथेच उतरला आणि चिखल तुडवत आला. मागाहून धाकूने सांगितलं: पान्याने बोल्ट निघाला, पण खरवडायची सुरी होडी दगडावर आदळली तेव्हाच पाण्यात गेली होती. बोल्टाखालच्या खळग्यात पाना शिरेना. तिथला रंग लहूने नखांनी खरवडला.

कमळीने त्याचे हात हातात घेतले. नखं उखडली होती, आणि त्यातला रंग कुठला आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. तिला मान वर करवेना.

लहूने दम खाल्ला. म्हणाला, "रंग लय चांगला लावलेलास गो, कमळ. निघता निघत नव्हता."