बर्फाचे दोन गोळे आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी शीतपेटी आहे. माझ्या पोटात भाजी नसते की औषधं नसतात. तिथे दोऱ्यांना टांगलेले असतात बर्फाचे दोन गोळे. मिस्त्रीकाकांनी पत्रा ठोकून, काचेची खिडकी बसवून मला घडवलं, ते बाईंसाठी. बाई प्रयोगशाळेत ग्रहांभोवतीच्या कड्यांचा अभ्यास करतात. ही कडी म्हणजे बर्फाच्या असंख्य तुकड्यांची गर्दी. एकमेकांना धडकत फिरणारी! धडकल्यावर ते किती उसळतात, हे बाईंना माझ्यात पाहायचं होतं.

सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. येणारेजाणारे खिडकीला नाक लावून बघायचे. पण गोळे आपले टणाटण उसळायचे.

"अगं, तुकडे एवढे उसळले तर वर-खाली विखुरतील आणि कडं फुगून जाड होईल," बाईंचे सर म्हणायचे. "खरी कडी तर कागदासारखी पातळ आहेत. तुझी पेटी गंडलीय."

वर्षं गेली. माझ्या दाराचं रबर फाटलं, बघणारे येईनासे झाले. शेवटी सरांनी मला भंगारात काढायचं ठरवलं. बाईंचा चेहरा पडला. माझ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "एकदा शेवटचं बघू गं."

त्या सकाळी फटीतून दमट हवा आत शिरली होती. गोळ्यांवर हिमाचा भुरभुरीत थर जमला होता. काका फडकं घेऊन पुढे आले.

"पुसून घेऊ?"

"राहू द्या काका, आता काय फरक पडतोय!" बाईंनी वैतागून गोळा हलकेच सोडला.

टण आवाज आलाच नाही. गोळे टेकले आणि चक्क चिकटून राहिले! जोरात सोडले, तर जेमतेम उसळून मरगळले. बाईंनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मग सरांना अक्षरशः ओढत आणलं.

सर खिडकीशी वाकले ते वाकलेच. "हा भुसभुशीत थर धडकेचा जोर खातोय," ते पुटपुटले. "कड्यांतल्या तुकड्यांवरही असाच थर असणार. जोर असा जिरला, तर कडं फुगेल कशाला? आणि आपण बसलो गोळे घासूनपुसून चकचकीत करत!"

"मग हिला भंगारात...?"

"वेडी आहेस का!"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. मला तर इतकं हायसं वाटलं, की माझी घरघरसुद्धा क्षणभर थांबली.

आता मला नवं रबर आहे. गोळ्यांवर हिम बाई मुद्दाम धरू देतात, हवं तेवढंच. मित्रांनो, घरातलं एखादं जुनं यंत्र कुरकुरलं, तर लगेच त्याला बाहेरची वाट दाखवू नका. त्याची धूळ झटका, तेलाचा थेंब सोडा, दार जरा हळू लावा. आणि ते काय करतंय, ते एकदा वाकून नीट बघा.