तेरावे माप

"हा आमचा क्लीटस नव्हे," होलिसअंकल म्हणाले आणि हेडफोन काढून त्यांनी बाजूला ठेवले.

ड्वेनने गाणे थांबवले. शिकागोच्या दक्षिण भागातला हा स्टुडिओ त्याचा. ब्लूज गाणाऱ्या क्लीटसच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा संच त्याच्या निधनानंतर निघत होता, आणि ऑर्लीनने, मुलगी म्हणून, आज होकार दिला की तो छापायला जाणार होता.

"सूर त्यांचेच आहेत, सर. मी फक्त मापं, म्हणजे चार-चार ठोक्यांची आवर्तनं, सरळ केली. ब्लूजचं कडवं बारा मापांचं. यांचं कुठे साडेबारा, कुठे तेरा. आजच्या लोकांना चूक वाटेल."

"चूकच ती! बारापर्यंत मोजता आलं असतं तर तुझा बाप भट्टीवर मुकादम झाला असता, पोरी!" होलिसअंकल खो खो हसले. उभी हयात त्यांनी क्लीटसमागे ड्रम वाजवले होते. "आम्ही मोजायचोच नाही. त्याच्या टाचेकडे बघायचो. उचलली की थांबायचं, आपटली की सुरू. नवा कोणी मोजत बसला, की पडलाच तोंडघशी."

ऑर्लीनने गाणे पुन्हा लावायला सांगितले. गिटार तीच, रडता रडता मध्येच टोमणा मारणारी. शहरातल्या अर्ध्या गिटारवाल्यांनी हीच तबकडी झिजवून हात बसवला होता. पण दुसऱ्या कडव्यानंतर वडिलांचा आवाज लगेच आला. फार लगेच.

पोलादाच्या भट्टीने त्यांची छाती धरली होती. ओळ संपली की ते एक तार ताणून धरत आणि तिच्याआड श्वास घेत. ऐकणारे म्हणत, काय कमाल आहे! कमालच होती. शेवटी शेवटी पलंगाशी बसून ऑर्लीनने तोच श्वास ऐकला होता. एका दुपारी त्याच्यापुढची ओळ आली नाही.

"काढलेलं परत घाला," ती म्हणाली.

"सगळं? मॅडम, रेडिओवाले—"

"सगळं. नाहीतर माझा होकार नाही."

"बापावर गेलीय," होलिसअंकल पुटपुटले.

ड्वेनने मूळ फीत लावली. दुसरे कडवे संपले. तार ताणली गेली. मांडीवर ठेका धरणारा होलिसअंकलचा हात हवेतच थांबला. ड्वेनही पडद्यावरून नजर काढून वर बघू लागला.

तिघेही थांबले, क्लीटसचा श्वास घेऊन होईपर्यंत.