पुढे कोण, शेजारी कोण

गाड्यांच्या शोरूममधल्या त्या विक्रेत्याला सगळे ‘सर्वज्ञ’ म्हणायचे, आणि तो बिचारा ते कौतुक समजायचा. आज मात्र त्याला एक नवी विजेची गाडी खपवायचीच होती. ती खपली नाही तर उद्यापासून टायरच्या गोदामात रवानगी, असं साहेबांनी सकाळीच बजावलं होतं.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि त्यांचे यजमान. गाडीतून एक चक्कर मारून तिघं रस्त्याकडेच्या जुन्या चार्जरपाशी आले.

“हा चारशे व्होल्टचा,” बाई पाटी वाचत म्हणाल्या. “गाडी आठशेची. मग?”

“तीच तर गंमत आहे मॅडम! बॅटरीचे दोन भाग आहेत. मोठा चार्जर असला की ते एकामागे एक जोडले जातात. चारशे नि चारशे, आठशे. असा छोटा असला की गाडी त्यांना शेजारी शेजारी आणते. थांबा, दाखवतो. समजा, तुम्ही दोघं म्हणजे ते दोन भाग. काका, तुम्ही पुढे. मॅडम, तुम्ही मागे.”

“मी मागे का?”

“बरं, काका मागे.”

“लग्न झाल्यापासून मागेच आहे,” काका पुटपुटले आणि जाऊन चार्जरच्या खांबाला टेकले.

प्रकरण पेटायच्या आत सर्वज्ञानं प्लग खोचला. गाडीच्या पोटात ‘खट्’ झालं. पडद्यावर ‘चार्जिंग सुरू’ आलं. लगेच पुन्हा ‘खट्’, आणि चार्जिंग बंद!

त्यानं प्लग काढून परत खोचला. खट्. खट्. रुमालानं पुसून खोचला. खट्. खट्. शेवटी घाम पुसत त्यानं मेकॅनिकला फोन लावला.

“मध्येच कुणी बंद करतंय का?” मेकॅनिकनं विचारलं.

“कोण करणार? इथं आम्ही तिघंच आहोत!”

बाईंनी चष्मा खाली घेतला. “अहो, हात दाखवा बघू.”

काकांनी शाळेतल्या पोरासारखा हात खांबामागून काढला. तिथं चार्जर बंद करायचं लाल बटण होतं.

“आपला मिक्सर असाच खट् करून गेला होता ना? म्हणून आवाज आला की मी बंद करतो. पण बंद केलं तरी परत खट् होतंय, माझी तर छातीच धडधडतेय!”

“काका!” सर्वज्ञानं कपाळावर हात मारला. “पहिला खट् म्हणजे दोन्ही भाग शेजारी आले. तुम्ही बंद केलंत की गाडी त्यांना परत मागेपुढे करते, तो दुसरा!”

“मग हे आधी नाही का सांगायचं? आमचीच रांग लावत बसलात!”

बाई गाडीकडे बघतच राहिल्या. “म्हणजे समोर काय आहे ते बघून दोघं जागा बदलतात? कुरकुर नाही, टोमणे नाहीत?”

“नाही मॅडम. फक्त खट्.”

“घेतली.”

सर्वज्ञ आनंदानं किल्ली पुढे करणार, तोच दोघंही चालवायच्या बाजूच्या दाराशी येऊन उभे राहिले. किल्ली द्यायची कुणाला?

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, “गोदामातून वाचलास लेका! खपवलीस कशी?”

सर्वज्ञानं विक्रीचा कागद पुढे सरकवला.

“साहेब, बॅटरी कळली. गिऱ्हाईक नाही कळलं.”