डाव्या घोड्याची खाच

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी रायफल आहे. दोन नळ्या, दोन चाप आणि पाठीवर दोन लोखंडी घोडे. हल्लीच्या बंदुकांचे घोडे पोटात लपवलेले असतात, माझं सगळं उघड्यावर. घोडा मागे ओढला की 'टक्' वाजतं, तो अर्धा. आणखी ओढला की पुन्हा 'टक्', तो पूर्ण. तेव्हा आत लोखंडाची एक बारीक जीभ खाचेत जाऊन बसते आणि घोड्याला धरून ठेवते. चाप दाबला की जीभ सुटते, घोडा पडतो, गोळी जाते. या सगळ्या जुळणीला कारागीर लॉक म्हणतात. मला घडवणाऱ्याने खाचेला दिव्याची काजळी लावून, जिथे डाग उमटेल तिथेच घासून, हट्टाने ती जीभ जुळवली होती. तसा चिक्कू माणूस, पण खाचेच्या बाबतीत वेळ हात सैल सोडून खर्च केला.

पुढे मी एका बागायतदाराच्या घरी आले. टेकडीच्या उतारावर त्याची फळबाग होती आणि रानडुकरं रोज मुळं उकरून जायची. बाबा, म्हणजे ते बागायतदार, नेमबाज होते. माझं कौतुक तर विचारूच नका. पाहुणा आला की आधी मला भिंतीवरून खाली काढायचे, मग त्याला पाणी विचारायचे. त्यांचा एकच दंडक होता: मला कुणी उघडायचं नाही.

त्यांना दोन मुलगे. थोरला तोंडाचा गोड आणि हाताचा उतावळा. धाकटा मुखदुर्बळ, पण नेम असा की बाबासुद्धा गप्प बसून बघत. थोरल्याला ते सहन होईना. माझा डावा चाप जड आहे, म्हणून आपला नेम चुकतो, असं त्याने स्वतःलाच पटवलं. एका दुपारी घरी कुणी नसताना त्याने माझी बाजूची पट्टी उघडली आणि अवजारांच्या पेटीतली कानस त्या खाचेवर चालवली. लाकूड घासावं तशी. चाप हलका झाला, गडी खूश. मी मात्र त्या दिवसापासून डाव्या बाजूने अधू झाले. जीभ खाचेत बसायची नाही, नुसती टेकून राहायची.

आणि मग ती सकाळ आली. धाकट्याने माझे दोन्ही घोडे पूर्ण ओढून चढवले आणि उजव्या नळीने एक डुक्कर लोळवलं. खालच्या झाडांतून बाबा धावत येत होते. 'पडलं' असं सांगायला तो त्यांच्याकडे वळला, मला काखेत घेतलं आणि त्या गडबडीत माझा दस्ता, म्हणजे मागचं लाकूड, कुंपणाच्या खांबावर आदळला. तेवढा दणका पुरला. जीभ घसरली, डावा घोडा पडला आणि गोळी बाबांच्या गुडघ्यातून गेली.

पाय मांडीपासून कापावा लागला. धाकटा रडून रडून एकच सांगत होता की, मी चापाला हात लावला नाही. चढवलेला घोडा तसाच ठेवून वळला, हा त्याचा निष्काळजीपणा होता आणि तो त्याने कबूलही केला. पण चाप दाबला नव्हता. थोरला सगळ्यांसमोर म्हणाला, "घोडा काय आपोआप पडतो होय? बोट राहिलं असेल आत. घाबरट आहे, आणि वर खोटं बोलतोय." खोटं बोललेलं बाबांना कधीच खपायचं नाही. पाय गेल्याचं त्यांनी सोसलं, पण मुलगा खोटं बोलतो हे नाही. बरे होऊन घरी आले त्या दिवशी त्यांनी धाकट्याला सांगितलं, "बंदुकीचा दोष असला तर दाखव. नाहीतर बोट तुझं होतं म्हण. तोवर या घरात पाऊल टाकू नकोस."

धाकटा गेला. मी भिंतीवर टांगलेली राहिले, धूळ खात. मला वाचा असती तर! पण लोखंडाला कोण विचारतो?

काही वर्षांनी डुकरं फार माजली तेव्हा थोरल्याने मला खाली काढलं. घोडे चढवून त्याने बांधावरून उडी मारली तसा माझा डावा घोडा पडला आणि गोळी त्याच्या बुटाशेजारी मातीत घुसली. त्याचा हात खाचेच्या जागी गेला, बरोबर त्याच जागी. त्याला सगळं कळलं होतं, मित्रांनो.

तो मला कापडात गुंडाळून दूरच्या शहरात एका बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेला. दुकान अरुंद, तेलाच्या वासाचं. कारागिराने मला लगेच उघडलं नाही. आधी कान जवळ आणून घोडे सावकाश ओढले. उजवा ठणठणीत बोलला. डाव्याचा दुसरा 'टक्' पुसट. मग चापाला न शिवता त्याने चढवलेले घोडे अंगठ्याने पुढे ढकलले. उजवा हलला नाही. डावा पडला. तेव्हा कुठे त्याने पट्टी काढली. तेल घट्ट झालंय का, स्प्रिंग मेली आहे का, स्क्रू जास्त आवळलाय का, एकेक बघत शेवटी भिंग घेऊन खाचेपाशी आला.

"ही झिजलेली नाही," तो म्हणाला. "कुणीतरी कानस मारलीये. कुणाला लागलं-बिगलं नाही ना?"

"नाही," थोरला म्हणाला.

कारागिराने खाचेचा नवा तुकडा घडवला, काजळी लावून जुळवला. मी पुन्हा पहिल्यासारखी झाले. जुना तुकडा पुढे करून त्याने विचारलं, "हा ठेवणार का?"

"टाकून द्या."

तो भंगाराच्या डब्यात पडल्याचा आवाज मी ऐकला. थोरल्याने मला घरी आणून मुकाट्याने पुन्हा खिळ्याला अडकवलं.

पुढच्या हिवाळ्यात धाकटा आला. तो आता एका कारखान्यात कामाला होता. खाच बिघडली तर नुसत्या दणक्याने घोडा पडतो, हे त्याला तिथे कुणाकडून तरी कळलं होतं. हातात लाकडी हातोडी होती आणि चेहऱ्यावर अशी आशा की मला बघवेना. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "बाबा, दोष दाखवायला आलोय."

बाबा खुर्चीत ताठ बसले. मला भिंतीवरून थोरल्यानेच काढलं, रिकामी असल्याची खात्री केली आणि दोन्ही हातांनी भावापुढे धरलं. "ठोक," तो म्हणाला. "मन भरेपर्यंत ठोक."

धाकट्याने घोडे चढवले आणि दस्त्यावर हातोडी हाणली. डावा घोडा जागचा हलला नाही. पुन्हा हाणली. मग जोरात, मग वेड्यासारखी. पड, पड मेल्या, असं मी माझ्याच घोड्याला विनवत होते. तो पडला नाही. इतकी चांगली दुरुस्ती झाली होती माझी.

हातोडी त्याच्या हातातून सुटली. तो बराच वेळ आपल्या तर्जनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बोट माझंच असेल, बाबा."

"असेल नाही. होतं म्हण."

"होतं."

बाबांनी सुस्कारा सोडला. "हेच तेव्हा बोलला असतास तर! आत ये. जेव आणि जा."

त्याला थोरल्याने वाढलं. आग्रह करकरून वाढलं.

मित्रांनो, वस्तू बिघडली तर दुरुस्त जरूर करा. पण आधी तिचा बिघाड चारचौघांना दाखवा, आणि तो कुणाच्या माथी मारला होता त्याला तर पहिल्यांदा बोलवा. एवढी एकच विनंती. माझं म्हणाल तर माझं उत्तम चाललं आहे. थोरला दर आठवड्याला मला स्वतःच्या हाताने तेल देतो, मऊ फडक्याने पुसतो, दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देत नाही. माझी इतकी काळजी आजवर कुणीच घेतली नव्हती.