दुसरी वाटी

"सगळ्यांचं विचारून झालं की अध्यक्ष म्हणतील, सभागृहातून कोणाला काही विचारायचं आहे का? तवा तुमीच उठजा, सर," आरजू म्हणाली. "कोणीच नाही उठलं तं लय भकास दिसते."

"उठीन ना. इचारू काय?"

"तोच आपला. या कामाचा पुढं उपयोग काय? उत्तर पाठ हाय मले."

ती हसली आणि वडिलांना जागा दाखवायला धावली. कमलाकर चहाचा कप हातात धरून उभा राहिला. यवतमाळच्या या कॉलेजात संगणकशास्त्राच्या पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा असली की शेवटचा प्रश्न कमलाकर सरांचा, हे ठरूनच गेलं होतं. प्रश्न आधी सांगितलेला, उत्तर आधी घोकलेलं. मग टाळ्या, शाल, जेवण. विभागात जो जो डॉक्टर झाला, त्याला त्याने असा एक प्रश्न विचारून दारापर्यंत पोचवलं होतं. स्वतः मात्र तो दाराच्या आतच राहिला होता.

आज परीक्षा आरजूची होती, आणि त्याच्याजवळ दुसराच प्रश्न होता.

नोंदणी त्याची आधीची. प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, समितीपुढे विषय मंजूर करून घेणं, हे सगळं त्याने आरजूच्या आधी उरकलं होतं. तेव्हा ती बी.एस्सी.च्या वर्गात त्याच्यासमोर पहिल्या बाकावर बसायची. पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या रहमतभाईंची पोरगी. पहिला प्रोग्रॅम तिने लिहिला तो त्याच्या हाताखाली. मग ती याच विभागात शिकवायला लागली, त्याच्याच मार्गदर्शकांकडे, चारुदत्त सरांकडे, नोंदली गेली, आणि दर सहा महिन्यांनी समितीला प्रगती दाखवायला दोघं एकाच बाकावर बसू लागली. तिला विचारत, पुढे काय करणार? त्याला विचारत, मागच्या वेळी कुठे होतात?

त्याचा विषय होता हाताने लिहिलेलं मराठी संगणकाला वाचायला शिकवण्याचा. सगळं नीट समजल्याशिवाय हात घालायचा नाही, असा त्याचा स्वभाव. तो वाचत राहिला. एक दिवस त्याच्या बायकोने, मंजुषाने, जावेचं जुनं पत्र सहज फोनपुढे धरलं आणि फोनने ते घडाघडा वाचून दाखवलं.

"अवो, हे तं फुकटात होऊन राह्यलं," ती कौतुकाने म्हणाली होती.

त्याने विषय बदलला. मुदतवाढ घेतली. दुसरी मुदतवाढ घेतली. तीही संपली आणि नियमाप्रमाणे नोंदणी रद्द झाली. त्याच आठवड्यात आरजूचा पहिला शोधनिबंध छापून आला. तिने आणलेला पेढा त्याने तोंडात टाकला आणि तो तासाला निघून गेला.

तिचा विषय वऱ्हाडी बोलीचा. बोललेली वऱ्हाडी संगणकाने ओळखावी म्हणून तिला माणसांचे आवाज हवे होते. घाटंजीच्या बाजारात, राळेगावला एसटी स्टँडजवळ, असं टेबल मांडून ती बसायची. येणाऱ्याने वऱ्हाडीत एक गोष्ट सांगायची आणि स्टीलची एक वाटी घेऊन जायची. मदतीला कमलाकर. नावं विचारून लिहायचं काम त्याच्याकडे.

घाटंजीला हंसाबाई नावाची बांगड्या विकणारी आली. पोळ्यात उधळलेल्या बैलाची गोष्ट तिने अशी रंगवली की बाजार गोळा झाला. महिन्याभराने राळेगावला तीच पुन्हा समोर उभी.

"नाव?"

"तुळसाबाई."

"मावशी, तुमी तं हंसाबाई ना?"

"ते सासरचं. लग्नात ठेवलेलं. राळेगाव माहा माहेर हाय, बापा. माहेरात सासरचं नाव कायले सांगू? आन् वाटी एकच देल्ली तुमी. पोरी दोन हायेत मले."

तिला दुसरी वाटी मिळाली. परतताना गाडीत कमलाकरने तिची नक्कल केली. ड्रायव्हर हसला, आरजूही हसली.

त्या वाटीचा अर्थ त्याला फार पुढे एक पुस्तक वाचताना कळला. यंत्राला काही आवाज ऐकवून शिकवतात आणि मग कधीच न ऐकलेल्या माणसांच्या आवाजावर त्याची परीक्षा घेतात. हंसाबाई शिकवण्यात आणि तुळसाबाई परीक्षेत, असं झालं असेल तर यंत्राला पेपर आधीच फुटलेला. त्याचे मार्क खोटे. वाटीसाठी आणखी किती बायका दोन नावांनी आल्या असतील! पुस्तक मिटून तो बराच वेळ बसून राहिला होता, आणि आपल्याला आनंद झालाय हे कळल्यावरही उठला नव्हता. आरजूला त्याने सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असंही मनाशी म्हटलं नाही.

तिचा प्रबंध महिनाभर विभागात ठेवलेला होता. त्याने फक्त आभाराचं पान उघडलं. त्याचं नाव अम्मी-अब्बांनंतर, मैत्रिणींनंतर, ड्रायव्हरच्या जरा आधी. पुढची पानं त्याच्याने उलटवली गेली नाहीत.

आताही ती पडद्यासमोर उभी राहून बोलत होती, तर त्याचं पडद्याकडे लक्ष नव्हतं. तो मनात प्रश्नाची वाक्यं लावत होता. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी दोन-तीन शंका विचारल्या. मग अध्यक्षांच्या खुर्चीतून चारुदत्त सर प्रथेप्रमाणे हसून त्याच्याकडे वळले. "सभागृहातून कोणाला काही?"

कमलाकर उठला.

"ज्यांच्या आवाजावर यंत्र शिकलं आणि ज्यांच्या आवाजावर ते तपासलं, ती माणसं वेगळी होती हे कशावरून? एकाच बाईने दोन गावांत दोन नावांनी आवाज दिला असेल, तर ही सगळी तपासणी फोल नाही का?"

चारुदत्त सरांचं हसू जागच्या जागी राहिलं. पहिल्या रांगेत रहमतभाई मागे वळून बघू लागले. आरजू त्याच्याकडे बघत राहिली. हा प्रश्न ठरलेला नव्हता. तिने टेबलाची कड धरली, आणि कमलाकरला ते बघायला बरं वाटलं.

"हंसाबाई," ती म्हणाली.

मग परीक्षक बाईंकडे वळून ती सावकाश बोलू लागली. "सरांनीच एकदा गाडीत गंमत म्हणून सांगितलं होतं. तेव्हा मीही हसले. घरी गेल्यावर धास्ती बसली. मग पहिल्यापासून एकेक आवाज ऐकला. दोनदा आलेल्या बऱ्याच जणी निघाल्या. त्या काढून यंत्र पुन्हा शिकवलं. मार्क खूप उतरले. एक निबंध छापायला गेला होता, तो मी स्वतः परत मागवला. त्यात वर्ष गेलं. प्रबंधात उतरलेले आकडेच दिलेत, मॅडम."

"हो, चौथं प्रकरण," बाई म्हणाल्या.

"सरांनी लक्षात आणून दिलं, असं त्यात नावानिशी लिहिलंय."

ते वर्ष कमलाकरला चांगलं आठवत होतं. आरजू मागे पडली, असं सगळे म्हणत होते. का, ते त्याने विचारलं नव्हतं. त्या वर्षी त्याला झोप बरी लागत असे.

"अगदी मुद्द्याचा प्रश्न विचारलात," परीक्षक बाई त्याला म्हणाल्या. "आपलं नाव, डॉक्टर...?"

"कमलाकर पिंपळखुटे," तो म्हणाला. "डॉक्टर नाही मी."

तो खाली बसला. टाळ्या सुरू झाल्या.

जेवणात शीरखुर्मा होता, आवाजांच्या वेळच्या उरलेल्या स्टीलच्या वाट्यांमधून. रहमतभाई स्वतः वाटी घेऊन आले.

"सर, तुमचा सवाल आयकून मले तं पसीनाच फुटला. मंग समजलं, पोरीची मेहनत साऱ्याइले दिसावी म्हून इचारलं तुमी. उस्ताद असावा तं असा."

कमलाकरने वाटी घेतली. तसं नाही, हे सांगण्याऐवजी त्याने एक चमचा तोंडात घातला.

शाल पांघरलेली आरजू समोर आली. "ठरलेला नाही इचारला तुमी."

"नाही."

"काहून, सर?"

तो वाटीत चमचा फिरवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे.

"बरं झालं," ती हळूच म्हणाली. "कोणी तं इचारालेच पाह्यजे होतं."

"चला, फोटो!" चारुदत्त सरांनी हाक दिली. "डॉक्टरमंडळी पुढच्या ओळीत या."

कमलाकरने वाटी खाली ठेवली आणि नेहमीप्रमाणे फोन घ्यायला हात पुढे केला.

"सर, तुमी इकडे या ना," आरजू म्हणाली.

"मंग काढन कोण?"

फोनच्या काचेत सगळे मावले. आरजू मधोमध, एका बाजूला चारुदत्त सर. दुसऱ्या बाजूला तिने एका माणसापुरती जागा सोडली होती.

"जवळ सरका थोडे," कमलाकर म्हणाला.

बाकीचे सरकले. आरजू हलली नाही. त्याने एकदा तिच्याकडे, एकदा त्या जागेकडे पाहिलं, आणि तसाच फोटो काढला.